खर्रा घोटून होईपर्यंत

चौकशीच्या दिवशी मी एकही शब्द खोटा बोललो नव्हतो. पुढची बारा-तेरा वर्षं मी याच आधारावर जेवलो, झोपलो, बढत्या घेतल्या. आता चाळिशी जवळ आल्यावर ती खरी वाक्यंच मला खोट्याहून वाईट वाटतात. त्या वाक्यांमुळे एका माणसाचं मशीन गेलं, आणि मशीनबरोबर त्याचं नाव गेलं.

सत्तरचं दशक अर्धं उलटून गेलं होतं. मातीकामाची कंत्राटं घेणाऱ्या एका कंपनीत मी देखभालीचा इंजिनिअर होतो. कंपनीचं वर्कशॉप नागपूरच्या वेशीबाहेर होतं आणि काम चाललं होतं काटोलच्या पुढे, एका लहान धरणाच्या बांधाचं. नंदनवनातल्या भाड्याच्या खोलीतून मी सकाळी वर्कशॉपला जायचो आणि आठवड्यातून तीनदा जीपने साइटवर. पदविका मिळवून तीनच वर्षं झाली होती. नोकरी अजून कायम झालेली नव्हती.

त्या उन्हाळ्याच्या आधी आमच्याकडे पहिला टर्बोचा डंपर आला. तोवरचे सगळे डंपर साध्या इंजिनाचे होते, चढावर कण्हत जाणारे. मशीनबरोबर एक जाड इंग्रजी पुस्तक आलं होतं आणि ते माझ्या ताब्यात होतं. त्याची पहिली पंधरा-वीस पानं मी परीक्षेसारखी पाठ केली. सहा सिलिंडर एका रांगेत, चार स्ट्रोक, पाण्याने थंड होणारं इंजिन. त्याच मापाचं साधं इंजिन दोनशेवीस अश्वशक्तीवर थांबायचं, हे तीनशेच्या पुढे जायचं. टर्बोची युक्ती अशी: सायलेंसरमधून वाया जाणारा तापलेला धूर एका चाकावर आदळतो, ते चाक फिरतं, आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला बसवलेलं चाक बाहेरची हवा दाबून सिलिंडरात कोंबतं. हवा जास्त, म्हणून डिझेल जास्त जळतं, म्हणून ताकद जास्त. तो दांडा मिनिटाला पन्नास हजारांहून जास्त फेरे घेतो आणि त्याला आधार असतो फक्त तेलाच्या पातळ थराचा. हे सगळं मी मशीन उतरवलं त्या दिवशी ऑपरेटरांना गोळा करून ऐटीत सांगितलं. शेवटचं वाक्य तर मी फळ्यावर चित्र काढून सांगितलं. इंजिन बंद झाल्यावर त्या तेलाचं काय होतं, हा प्रश्न मला पडला नाही. पुस्तकाचा पुढचा भाग, मशीन चालवावं कसं आणि बंद करावं कसं हा, मी वाचलाच नव्हता. तो ऑपरेटरांसाठी आहे असं मला वाटलं होतं, आणि आमच्या ऑपरेटरांपैकी एकालाही इंग्रजी येत नव्हतं.

डंपर ज्याच्या हाती दिला त्याला सगळे उस्ताद म्हणायचे. वय पंचेचाळीसच्या आसपास, काटोलकडच्याच गावचा, आधी बैलांचा आणि मग वीस वर्षं मशीनांचा माणूस. त्याला नव्या मशीनवर बसवलं तेव्हा त्याने हार आणला नाही, नारळ फोडला नाही. बॉनेट उघडून तासभर नुसता ऐकत उभा राहिला.

त्याची एक रीत होती. जेवणाच्या सुट्टीत किंवा पाळी संपल्यावर डंपर आणून उभा केला की तो इंजिन बंद करायचा नाही. धीम्या गतीवर चालू ठेवायचा. मग खाली उतरून लोखंडी पायरीवर बसायचा, खिशातून तंबाखू, सुपारी, चुना काढून पन्नीत भरायचा आणि जुन्या ट्यूबच्या तुकड्यावर खर्रा घोटायला घ्यायचा. खर्रा मनासारखा घोटून झाला, चिमूट गालात गेली, की मग वर चढून इंजिन बंद. तोवर मशीन मागे गुरगुरत असायचं.

मुख्य कार्यालयातून त्याच सुमारास निरोप आला की साइटवर डिझेल फार जातं, ते खाली आणा. मी दुपारी साइटवर पोचलो आणि समोर हेच दृश्य. बांधावरची धूळ, चाळीस डिग्रीचं ऊन, पायरीवर खर्रा घोटणारा माणूस, आणि मागे चालू इंजिन.

"उस्ताद, इंजिन कशासाठी चालू आहे?"

"आराम करून राहिलं, साहेब."

शेजारी सावलीत डोझरवाला आडवा झाला होता. तो उठूनही न बसता म्हणाला, "मशीनले बी खर्र्याची तलफ हाय, साहेब. एक पुडी त्याच्यासाठी बी आनत जा नागपूरहून."

सगळे हसले. ते माझ्यावर हसले नव्हते हे आज कळतं. तेव्हा माझे कान तापले.

"इथे डिझेल जळतंय आणि तुम्ही खर्रा घोटताय. आजपासून गाडी उभी राहिली की इंजिन बंद. लगेच."

"लगेच नाही जमत, साहेब. आत लय तापलं रायते." उस्तादने घोटणं थांबवलं नव्हतं. "बंद केल्यावर बी शिटी वाजत रायते आत. कान लावून पाहा एकदा. शंकरपटातून धावून आलेल्या बैलाले कोनी लगेच खुंट्याले बांधते काय? फिरवा लागते त्याले थोडं."

"हा बैल नाही. कुठल्या पुस्तकात लिहिलंय हे?"

"मले कुठं वाचता येते, साहेब? पुस्तक तर तुमच्यापाशी हाय."

डोझरवाला पुन्हा हसला, आणि तिथेच माझं डोकं गेलं. मी म्हणालो, "मी विचारत नाहीये, सांगतोय." उस्ताद उठला, अर्धवट घोटलेली पन्नी खिशात टाकली, वर चढला आणि इंजिन बंद केलं. इंजिन थांबल्यावर खरंच एक बारीक शीळ काही क्षण ऐकू आली. मी ती ऐकली. जीपकडे चालत गेलो.

हुकूम मी कागदावर दिला नाही. आमच्या धंद्यात तशी रीतच होती. काम तोंडी सांगायचं आणि चूक कागदावर मांडायची. साइटवर कुणालाही त्यात वावगं वाटायचं नाही.

डिझेल थोडं खाली आलं आणि मला शाबासकी मिळाली. उस्ताद सांगितल्याप्रमाणे वागत होता. डंपर उभा, इंजिन बंद. खर्रा तो आता बंद मशीनशेजारी घोटायचा.

महिन्याभराने इंजिन तेल खाऊ लागलं. सकाळी चालू करताना निळसर धूर यायचा आणि मग विरायचा. उस्तादने मला तीनदा सांगितलं. पहिल्यांदा म्हणाला, तेल कमी होऊन राहिलं. मी म्हटलं, पिस्टनच्या रिंगा अजून नीट बसायच्या असतील, नवं इंजिन आहे. दुसऱ्यांदा म्हणाला, चढावर पहिल्यासारखी ओढ नाही आणि काळा धूर येते. मी एअर फिल्टर काढून झटकून घेतला आणि दोन नोझल बदलली. विदर्भातल्या उन्हाळ्यात मशीनच्या कुठल्याही दुखण्याचं कारण धूळ म्हणून सांगता येतं आणि निम्म्या वेळा ते खरंही असतं. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त, निळा धूर म्हणजे तेल जळतंय, पांढरा धूर म्हणजे पाणी किंवा न जळलेलं डिझेल, एवढं मला पाठ होतं. निळं आणि काळं एकत्र आलं तर टर्बोकडे पाहावं, हे सुचायला हवं होतं. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "शिटी घोगरी झाली, साहेब. पुस्तक पाहा ना एकदा."

"पाहतो," मी म्हणालो.

पाहिलं नाही. त्याने सांगितलं म्हणून पाहायचं नव्हतं, हे खरं कारण.

ते घडलं त्या दिवशी मी साइटवरच होतो. दुपारी तीनची वेळ. उस्ताद रिकामा डंपर घेऊन खाली येत होता. सपाटीवर आल्यावर त्याने ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, तरी इंजिनाचा आवाज चढतच गेला. त्याने डंपर उभा केला, गिअर काढला, डिझेलची खटकी ओढली. इंजिन थांबेना. टर्बोचं सील गेलं होतं आणि इंजिन आता स्वतःचंच तेल हवेबरोबर आत ओढून त्यावर धावत होतं. डिझेल तोडून उपयोग नव्हता. निळा धूर एवढा की डंपर दिसेना. आवाज आधी गर्जना होता, मग किंकाळी झाला. असं इंजिन तुकडे होऊन उडू शकतं हे सगळ्यांना कुठून तरी ऐकून माहीत होतं. माणसं बांधावरून खाली पळाली. मीही पळालो.

उस्ताद पळाला नाही. तो उतरला, पाण्याच्या माठाला गुंडाळलेलं ओलं पोतं ओढून काढलं, परत वर चढला, हवा आत जाते त्या नळीच्या तोंडावर पोत्याच्या चार-पाच घड्या ठेवल्या आणि छातीने त्यावर ओणवा झाला. हवा बंद झाली, तसं इंजिन घुसमटलं, दोन धक्के देऊन गप्प झालं. तो खाली आला तेव्हा सदरा काळा झाला होता.

डोझरवाला लांबूनच ओरडला, "उस्ताद, मेला काय गा?"

"मेलो असतो तं तुले कोन शिव्या देल्या असत्या?" तो म्हणाला आणि मटकन खाली बसला.

इंजिन वर्कशॉपला आणून मी स्वतः उघडलं. बेअरिंगं गेली होती, दोन पिस्टन जाम झाले होते. पण गोष्ट सुरू झाली होती टर्बोत. दांड्याच्या बुशांभोवती तेल जळून काळा, टणक थर बसला होता. तव्यावर तेल करपून चिकटावं तसा, स्क्रूड्रायव्हरने खरवडूनही न निघणारा. तापलेला दांडा फिरत असताना इंजिन बंद केलं की पंप थांबतो, तेल थांबतं, आणि जे आत असतं ते तिथेच भाजून निघतं. रोज दोनदा, दीड-दोन महिने.

त्या संध्याकाळी मी पुस्तक काढलं. मजकूर शोधायला फार पानं उलटावी लागली नाहीत. भाराखाली चाललेलं इंजिन बंद करण्यापूर्वी तीन ते पाच मिनिटं धीम्या गतीवर चालू ठेवावं, असं चौकटीत, जाड अक्षरात छापलेलं होतं. उस्तादचा खर्रा घोटायला साधारण तेवढाच वेळ लागायचा.

चौकशीला मुख्य कार्यालयातून एक वयस्क अधिकारी आले. वर्कशॉपच्या केबिनमध्ये ते, मी आणि समोर उभा उस्ताद. त्याला बसायला कुणी सांगितलं नाही, मीही नाही. अधिकाऱ्यांनी विचारलं, इंजिन तापलेलं असताना लगेच बंद करायचास का? तो हो म्हणाला. का? तो म्हणाला, "साहेबानं सांगतलं होतं."

अधिकारी माझ्याकडे वळले.

मी म्हणालो, "मी डिझेल वाया घालवू नका असं सांगितलं होतं. मशीन बंद करण्याची पद्धत पुस्तकात स्पष्ट दिलेली आहे." आणि ते पान उघडून मी त्यांच्यासमोर सरकवलं.

"ऑपरेटरला माहिती दिली होती?"

"मशीन आलं त्या दिवशी सगळ्यांना एकत्र बसवून माहिती दिली होती, सर."

तीन वाक्यं, तिन्ही खरी. अधिकाऱ्यांनी उस्तादला विचारलं, आणखी काही सांगायचंय का. तो माझ्याकडे पाहत राहिला. रागाने नव्हे. एखाद्याचं बोलणं अजून संपलेलं नाही असं समजून आपण थांबतो, तसा थांबला होता. मी समोरच्या पानाकडे पाहत होतो. शेवटी तो म्हणाला, "नाही. मले काही म्हनाचं नाही."

इंजिन थांबवायला तो एकटा वर चढला होता, हे अहवालात आलं नाही. ते सांगू शकणारा केबिनमध्ये मीच होतो. सांगितलं असतं तर मी कुठे होतो हेही सांगावं लागलं असतं.

त्याचं मशीन काढून त्याला पाण्याच्या टँकरवर टाकलं. धूळ बसावी म्हणून रस्त्यावर पाणी शिंपडायचं काम. ज्या रस्त्यावरून तो डंपर न्यायचा त्याच रस्त्यावर. पोरसवदा ड्रायव्हरांनी त्याचं नाव ठेवलं, टर्बोफुक्या. डोझरवाला त्यांच्या अंगावर धावून जायचा, पण नाव चिकटलं. वर्षभराने त्याने नोकरी सोडली. कोळशाच्या खाणीवर मोठे डंपर आले तेव्हा तो तिथे ऑपरेटरच्या चाचणीला गेला होता. चाचणी घेणाऱ्याने विचारलं म्हणे, टर्बो फुकणारा तो तूच काय, आणि त्याला मशीनवर चढूही दिलं नाही. हे मला नंतर कळलं.

माझी नोकरी कायम झाली. पुढची सगळी मशीनं टर्बोचीच आली आणि वर्कशॉपच्या भिंतीवर मी मराठीत पाटी लावली: 'इंजिन बंद करण्यापूर्वी पाच मिनिटे धीम्या गतीवर चालू ठेवा.' नवे ऑपरेटर तिला साहेबांचा नियम म्हणू लागले. मी कधी दुरुस्ती केली नाही. लग्न झालं, मुलं झाली, मनीषनगरला घर बांधलं.

मागच्या उन्हाळ्यात बाजारात डोझरवाला भेटला. खाणीवरची ती हकीकत त्याने तेव्हा सांगितली. जाताना म्हणाला, "तुमाले मालूम नोहतं काय, साहेब?" पुढच्या रविवारी मी काटोलची बस धरली आणि तिथून उस्तादच्या गावाला गेलो.

तो अंगणात कुणाच्या तरी संत्र्याच्या बागेचा डिझेल पंप उघडून बसला होता. केस पांढरे झाले होते. मला त्याने लगेच ओळखलं.

"या, साहेब." मग आत वळून, "चहा ठेव वं. नागपूरचे साहेब आले."

चहा आला. मग सगळं बोललो. हुकूम माझा होता, पुस्तक मी वेळेवर वाचलं नव्हतं, पण चौकशीच्या आधी ते पान वाचलं होतं. तो पंपाच्या नोझलला फुंकर मारत ऐकत होता.

"मालूम हाय मले," तो म्हणाला. "तुमी काय म्हनले ते मले पाठ हाय. 'मी डिझेल वाया घालवू नका असं सांगितलं होतं.' चांगलं बोलले होते तुमी. शुद्ध."

"तुम्ही तेव्हा काहीच का नाही बोललात?"

"मी तं बोललो ना. साहेबानं सांगतलं म्हनून. बाकीचं तुमचं होतं. मले वाटलं, लेकरू हाय, घाबरलं, आता बोलेल, मंग बोलेल." त्याने नोझल फडक्यावर ठेवलं. "वाट पायली मी तुमची."

त्याची बायको दाराशी उभी होती. ती म्हणाली, "वर्षभर पायली वाट. जीपचा आवाज आला का बाहेर जाऊन उभे राहत."

मी विचारलं, आता मी काय करू?

"मले सांगून काय फायदा? मले तं मालूमच हाय. स्टँडवरच्या टपरीवर जुने ऑपरेटर बसतेत. दोघं-तिघं आपल्या साइटचेच हायेत. अजून टर्बोफुक्याच म्हनतेत. गमतीनं म्हनतेत, पन म्हनतेत. त्याईले सांगा."

आम्ही चालत स्टँडवर गेलो. टपरीच्या बाकावर तिघे बसले होते. दोघांना मी ओळखलं. उठून नमस्कार झाले, चहा मागवला गेला. एक जण म्हणाला, "आज टर्बोफुक्यासंगं साहेब कसे काय?"

उस्तादने माझ्याकडे पाहिलं. आणि माझ्या तोंडून निघालं, "ते इंजिन गेलं त्यात उस्तादची एकट्याची चूक नव्हती. तेव्हा आपल्या कुणालाच टर्बोची पुरती माहिती नव्हती."

तिघांनी माना डोलावल्या. हाव ना, नवीन होतं सगळं, असं म्हणून ते संत्र्यांच्या भावावर गेले. उस्तादने एवढंच केलं की माझ्या हातातला रिकामा कप घेऊन टपरीवाल्याला दिला. बस आली तेव्हा तो म्हणाला, "खिडकीपाशी बसा, साहेब, गरम होते."

टपरीवर मी बोललो ते पुन्हा तसंच, खरं दिसणारं वाक्य होतं. बसमध्ये बसल्यावर मला त्याचा अर्थ लागला. घाबरलेलं लेकरू वगैरे काही नव्हतं. ही माझी सवय आहे.

म्हणून इथे आडवळण न घेता लिहितो. टर्बोची माहिती एका माणसाला होती. त्याने ती कानाने मिळवली होती आणि मला सांगितली होती. इंजिन लगेच बंद करण्याचा हुकूम मी दिला होता. ते त्याच्यामुळे बिघडलं नाही, माझ्यामुळे बिघडलं. इंजिन पळत सुटलं तेव्हा मी पळालो आणि ते त्याने थांबवलं. चौकशीत हे सगळं मला माहीत होतं.

हे छापून आलं की घेऊन मी त्या टपरीवर जाणार आहे. तिघांपैकी एकाला वाचता येतं. पण त्याच्या हातात देणार नाही. मी उभा राहून वाचणार आहे, आणि वाचताना यातलं एकही वाक्य बदलणार नाही. बदललं, तर उस्तादच्या लगेच लक्षात येईल.